व्हॉल्व्ह काढू काय? प्रपोर्शनल हायड्रॉलिकमधला बिघाड शोधण्याची रीत

रात्री अकरा-साडेअकराला फोन वाजला की मला अंदाज येतो. "साहेब, स्क्वीझचा सिलिंडर झटके द्यायला लागलाय. व्हॉल्व्ह काढू काय?" शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलची पंचतारांकित वसाहत, कोल्हापूरच्या कुठल्याही फौंड्रीत मोल्डिंग मशीन बिघडलं की पहिला पाना व्हॉल्व्हच्या बोल्टलाच लागतो. साध्या ऑन-ऑफ व्हॉल्व्हच्या बाबतीत ते चालूनही जातं, कारण दहा मिनिटांत दुसरा बसवता येतो. प्रपोर्शनल व्हॉल्व्ह, म्हणजे आज्ञेच्या प्रमाणात कमी-जास्त उघडणारा, मात्र महाग असतो, लगेच मिळत नाही आणि बहुतेक वेळा त्याचा दोषही नसतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका मशीनचा सिलिंडर मध्येच अर्धा सेकंद थबकायचा आणि पुन्हा चालू लागायचा. आम्ही व्हॉल्व्ह बदलला, थबकणं तसंच. केबल बदलली, तरी तसंच. काढलेला व्हॉल्व्ह दुरुस्तीला पाठवला, तर तो 'ठीक आहे' असा शेरा घेऊन परत आला. चौथ्या दिवशी एका वायरमनदादाने मशीन चालू असताना थेट व्हॉल्व्हच्या प्लगवर व्होल्टेज मोजलं. पॅनेलमध्ये चोवीस व्होल्ट बरोबर होते. पण त्याच सप्लायवरचे चार-पाच ऑन-ऑफ कॉइल एकदम ओढले की प्लगवरचा सप्लाय खाली बसायचा आणि व्हॉल्व्हमधलं कार्ड, म्हणजे आज्ञेप्रमाणे कॉइलला करंट देणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, स्वतःला बंद करून घ्यायचं. मशीन थांबवून मोजलं म्हणून तीन दिवस आम्हाला काही सापडलं नाही. वेगळा सप्लाय दिला आणि विषय संपला.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. आज्ञा कंट्रोलरपासून सिलिंडरपर्यंत ज्या वाटेने जाते, त्या वाटेने मोजत जायचं आणि ती कुठे तुटते ते बघायचं. पाना त्यानंतर.

आधी ही वाट समजून घेऊ

ऑन-ऑफ व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आत सरकून तेलाची वाट उघडणारा-मिटवणारा दांडा, या टोकाला असतो किंवा त्या टोकाला. प्रपोर्शनलमध्ये कॉइलला जितका करंट, तितका सोलेनॉइडचा (कॉइलच्या विद्युतचुंबकाचा) जोर, आणि स्प्रिंगविरुद्ध स्पूल तितकाच सरकतो. काही व्हॉल्व्हमध्ये स्पूल खरोखर कुठे आहे हे सांगणारा एलव्हीडीटी सेन्सर असतो आणि कार्ड तो बघून स्पूलची जागा दुरुस्त करत राहतं. कार्ड कधी पॅनेलमध्ये असतं, कधी व्हॉल्व्हच्या डोक्यावरच.

म्हणजे वाट अशी: पीएलसीची (मशीनच्या कंट्रोलरची) आज्ञा, कार्ड, करंट, स्पूल, तेल, सिलिंडर. बिघाड या सहांपैकी कुठल्या तरी दोघांच्या मध्ये असतो. फिटर म्हणतो इलेक्ट्रिकलचं आहे, वायरमन म्हणतो तेलाचं आहे, आणि या वादात निम्मी पाळी जाते. दोघांना एकत्र उभं करा. एकाने मीटर धरायचा, दुसऱ्याने गेज बघायचा.

हात लावण्यापूर्वी

पंप बंद केला म्हणजे प्रेशर गेलं असं नाही. अॅक्युम्युलेटर (प्रेशरचं तेल साठवणारी बाटली) असेल तर तो टाकीकडे रिकामा करा आणि गेज शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा. उभ्या सिलिंडरवर वजन असेल तर खाली ठोकळा किंवा लॉकिंग पिन हवी, कारण व्हॉल्व्ह सैल केला की वजन खाली येतंच. होजला बारीक भोक असल्याची शंका आली तर त्यावरून हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. प्रेशरचं तेल कातडीतून आत घुसतं. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, पण ती जखम तातडीने शस्त्रक्रियेची असते. वितळलेल्या धातूजवळच्या मशीनवर खनिज तेलाची बारीक फवारणी म्हणजे आगच, तिथे चाचणी घेताना भट्टीवाल्यांना सांगून ठेवा.

आणखी एक. कार्डावरच्या पोटेन्शिओमीटरला स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि किती फेरे फिरवले ते लिहून ठेवा. 'जरा फिरवून बघितलं' असं ज्या मशीनबद्दल ऐकू येतं, तिथे एकाचे दोन बिघाड झालेले असतात.

पाच मिनिटांची चौकशी

ऑपरेटरला विचारा, कारण दिवसभर तो मशीनजवळ असतो. बिघाड अचानक आला की हळूहळू वाढत गेला? सुट्टीनंतरच्या पहिल्या तासात येतो की तेल तापल्यावर? सिलिंडरच्या दोन्ही दिशांना आहे की एकाच? त्याच पॉवर पॅकवरच्या (पंप, मोटर आणि टाकीच्या संचावरच्या) बाकीच्या हालचाली नीट आहेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याआधी काय काय झालं: तेल बदललं, होज बदलला, वेल्डिंग केलं, नवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवला?

उत्तरांवरून वाट निम्मी होते. सगळ्याच हालचाली मंद असतील तर पंप, रिलीफ (जादा प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा तेल बघा, प्रपोर्शनलला हात लावू नका. एकच दिशा बिघडली असेल तर त्या बाजूचा कॉइल, त्याची वायर किंवा स्पूल. वेल्डिंगनंतर लगेच बिघाड झाला असेल तर कार्ड. मशीनवर वेल्डिंग करताना व्हॉल्व्हचे प्लग काढून ठेवायचे आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी शेजारी लावायचा, हे आपल्याकडे सांगूनही होत नाही.

मग पॉवर पॅकचा गेज. प्रेशर नेहमीचं आहे का, तापमान किती? तेल साधारण ४० ते ५५ अंशांत असावं. ऐंशीच्या वर तेल पातळ पडतं, गळती वाढते आणि सील कडक होतात. फिल्टरचा इंडिकेटर लाल दिसला तर तेल तापल्यावर पुन्हा बघा. थंड जाड तेलात तो उगीचच लाल होतो.

मीटर घेऊन

पहिलं काम सप्लायचं. मशीन सायकलमध्ये चालू असताना, व्हॉल्व्हच्या प्लगवर. डोक्यावर कार्ड असलेल्या बऱ्याच व्हॉल्व्हना सहा पिना आणि अर्थ असा गोल प्लग असतो. सर्वसाधारणपणे ए वर २४ व्होल्ट, बी वर शून्य, डी आणि ई मध्ये आज्ञा, एफ वर स्पूलची स्थिती सांगणारा सिग्नल. सी कधी एनेबलसाठी (कार्डाला चालू राहायची परवानगी देणाऱ्या सिग्नलसाठी), कधी एफच्या संदर्भासाठी वापरलेली असते, म्हणून त्या व्हॉल्व्हचं पत्रक उघडूनच मोजा.

एनेबल नसेल तर कार्ड आज्ञा घेतच नाही. हे नेहमी शेवटी आठवतं. गार्डचा लिमिट स्विच अर्धवट दाबला गेलाय, इंटरलॉक तुटलाय आणि खाली व्हॉल्व्ह खोलून ठेवलाय, असं मी दोनदा तरी पाहिलंय.

आता आज्ञा. ती डी आणि ई यांच्यामध्ये मोजायची, पॅनेलच्या अर्थशी नाही. आज्ञा ± १० व्होल्ट असेल तर शून्य म्हणजे शून्य. पण दोन्ही दिशांचा व्हॉल्व्ह ४ ते २० मिलिअँपिअरवर चालत असेल तर मधलं शून्य १२ मिलिअँपिअरला असतं, ४ ला तो एका टोकाला पूर्ण उघडतो. आणि ४ च्या खाली गेलं तर कार्ड वायर तुटली असं समजून बंद पडतं. बदली व्हॉल्व्ह व्होल्टेजचा आणला आणि पीएलसी करंट देतोय, असा घोळ दिसायला सोपा असतो, पण नव्या डब्यातून काढलेल्या व्हॉल्व्हवर कोणी संशय घेत नाही.

आज्ञा बरोबर पोचत असेल तर करंट. कार्ड पॅनेलमध्ये असेल तर कॉइलच्या वायरमध्ये सीरीजला अँमीटर लावा किंवा डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वापरा. बऱ्याच कार्डांवर करंट बघायला चाचणी टोकं दिलेली असतात, त्यांचा उपयोग करा. व्होल्टेज मोजून करंटचा अंदाज बांधू नका. कार्ड कॉइलला तुकड्यातुकड्याने व्होल्टेज देतं आणि साधा मल्टिमीटर त्यात फसतो.

आज्ञा वाढते पण करंट वाढत नाही: कार्ड किंवा वायर. करंट नीट वाढतो पण सिलिंडर हलत नाही: स्पूल किंवा तेल. खूप बिघाड इथेच दोन भागांत फुटतात.

कॉइलचा रोधही मोजा, पण थंड आणि गरम दोन्ही वेळा. प्रपोर्शनल कॉइल वेगवेगळ्या जातीचे येतात. ८०० मिलिअँपिअरवाल्याचा रोध साधारण २० ओहम, अडीच अँपिअरवाल्याचा साधारण २. तांब्याचा रोध २५ अंशांवरून १०० अंशांवर जाताना जवळजवळ ३० टक्के वाढतो. कार्ड करंट धरून ठेवतं, म्हणून सहसा हे जाणवत नाही. पण सप्लाय आधीच कमी असेल तर दुपारी मशीन तापल्यावर पूर्ण करंट मिळत नाही आणि 'सकाळी चालतंय, दुपारी चालत नाही' ही तक्रार सुरू होते.

इथे एक धोका. कॉइल तपासायला थेट २४ व्होल्ट लावायची सवय ऑन-ऑफमधून आलेली असते. २ ओहमच्या कॉइलला २४ व्होल्ट म्हणजे १२ अँपिअर. धूर निघेल.

एलव्हीडीटी असेल तर काम सोपं होतं. आज्ञा आणि एफचा सिग्नल शेजारी ठेवा. आज्ञा ५० टक्के आणि स्थितीही जवळपास ५० टक्के असेल तर स्पूल बरोबर जागी आहे, व्हॉल्व्हचं काम झालेलं आहे, पुढे सिलिंडर आणि लोडकडे जा. स्थिती मागे राहत असेल तर स्पूल अडकतोय, किंवा पायलट प्रेशर (मोठ्या व्हॉल्व्हचा मुख्य स्पूल ढकलणारं) कमी आहे.

केबलबद्दल: आपल्या फौंड्रीत इंडक्शन फर्नेस शेजारीच असतो, वर व्हीएफडी. आज्ञेची केबल शिल्डेड असावी, शिल्ड पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ केलेली असावी आणि ती मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून जाऊ नये. भट्टी पूर्ण पॉवरवर गेली की सिलिंडर थरथरतो असं दिसलं तर आधी केबलच तपासा.

आता तेलाच्या बाजूला

डोक्यावर कार्ड नसलेल्या, फीडबॅक नसलेल्या दोन कॉइलच्या व्हॉल्व्हवर एक स्वस्त चाचणी आहे: दोन्ही कॉइलचे प्लग आपसात बदला. सिलिंडर उलटा चालेल, म्हणून सायकल बंद, मॅन्युअलमध्ये, कमी आज्ञेवर आणि माणसं बाजूला. बिघाड दुसऱ्या दिशेला गेला तर कार्ड किंवा वायर. त्याच दिशेला राहिला तर कॉइल किंवा स्पूल. एलव्हीडीटीवाल्या व्हॉल्व्हवर हे करू नका, कार्डाला स्पूल उलटा पळताना दिसतो आणि तो एका टोकाला जाऊन बसतो.

दुसरी चाचणी हाताची. सोलेनॉइडच्या टोकावरची पिन दाबून स्पूल ढकला. तो मऊपणे सरकून स्प्रिंगने परत आला पाहिजे. अडखळला तर घाण. इथेही लोड कुठे जाणार ते आधी ठरवून.

मोठे व्हॉल्व्ह दोन मजली असतात, वर छोटा पायलट आणि खाली मुख्य स्पूल. त्यांना पायलट प्रेशर पुरेसं लागतं, बऱ्याच वेळा किमान २० ते ३० बार. पायलट आतून घेतला आहे की बाहेरून एक्स पोर्टमधून, आणि वाय पोर्टचं ड्रेन मोकळं टाकीत जातं की गर्दीच्या रिटर्न लाइनला जोडलंय, हे सर्किटवर बघा. रिटर्नचं प्रेशर वायमध्ये चढलं की मुख्य स्पूल हुकतो, आणि दोष पायलटला दिला जातो.

मग हवा. होज बदलल्यावर किंवा टाकीत तेल कमी पडल्यावर सोलेनॉइडच्या आत हवा अडकते आणि स्पूल स्पंजावर बसल्यासारखा डोलतो. सोलेनॉइडच्या टोकाला हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. कमी प्रेशरवर तो सैल करा, बुडबुडे बंद होऊन सलग तेल येईपर्यंत थांबा, मग घट्ट करा. मशीन बंद असताना टाकी लाइन रिकामी होत असेल तर हवा रोज शिरेल. अशा वेळी टाकी लाइन भरलेली ठेवणारा स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो.

लक्षणांवरून

थरथर किंवा हंटिंग, म्हणजे जागेवर न थांबता पुढे-मागे डोलणं. पोझिशन कंट्रोल असलेल्या मशीनवर लूप उघडा, म्हणजे कंट्रोलर मॅन्युअलला घ्या आणि व्हॉल्व्हला एक ठरावीक आज्ञा द्या. थरथर थांबली तर दोष कंट्रोलरच्या गेनमध्ये (चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं त्या सेटिंगमध्ये) किंवा पोझिशन सेन्सरच्या सैल माउंटिंगमध्ये. थांबली नाही तर हवा, केबलमधला गोंगाट किंवा अडकणारा स्पूल. इतकी साधी चाचणी, पण गेन फिरवत बसलेल्यांनाच मी जास्त बघितलंय.

सुरुवातीला हलतच नाही, मग एकदम झटका. स्पूलच्या कडा पोर्टवर थोड्या चढलेल्या असतात, त्यामुळे बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये पहिल्या १० ते २० टक्के आज्ञेपर्यंत तेल जात नाही. कार्ड ही मृत जागा उडी मारून पार करतं. ती उडी कमी असेल तर उशीर, जास्त असेल तर झटका. उडी बरोबर असूनही झटका येत असेल तर डिदर बघा. डिदर म्हणजे स्पूल चिकटू नये म्हणून करंटमध्ये मिसळलेली बारीक थरथर, साधारण १०० ते २०० हर्ट्झची. सोलेनॉइडला स्क्रूड्रायव्हर टेकवून कानाला लावला तर गुणगुण ऐकू येते.

वेग कमी. आधी रॅम्प (आज्ञा हळूहळू वाढवण्याची वेळ) बघा, कोणीतरी वाढवून ठेवलेला असतो. मग व्हॉल्व्हवर किती बार खर्च होतोय ते मोजा. प्रपोर्शनल व्हॉल्व्हचा लिटरचा आकडा बहुधा १० बार फरकाला दिलेला असतो आणि प्रवाह प्रेशर-फरकाच्या वर्गमुळाने बदलतो. १० बारला ३२ लिटर देणारा व्हॉल्व्ह ४० बारला ६४ देईल आणि अडीच बारला फक्त १६. लोड वाढला की व्हॉल्व्हच्या वाट्याला बार कमी उरतात आणि वेग पडतो. तो व्हॉल्व्हचा बिघाड नव्हे. लोडप्रमाणे वेग बदलायला नको असेल तर सर्किटमध्ये प्रेशर कॉम्पेन्सेटर (व्हॉल्व्हवरचा प्रेशर-फरक कायम ठेवणारा) लागतो, आणि तो आधीपासून असेल तर त्यात घाण अडकली आहे का बघा.

शून्य आज्ञेवर सिलिंडर सरकतो. नल (मधल्या शून्याचं) सेटिंग हलल्यामुळे होऊ शकतं, पण आधी आज्ञेची वायर काढून बघा. सरकणं थांबलं तर पीएलसीकडून थोडी आज्ञा येतेय. नाही थांबलं तर पिस्टन सील तपासा: सिलिंडर शेवटाला टेकवा, प्रेशर सोडा, परतीच्या बाजूचा होज काढा, व्हॉल्व्हकडच्या टोकाला प्लग मारा आणि मग कमी प्रेशर द्या. सिलिंडरच्या उघड्या पोर्टमधून सलग धार लागली तर सील गेलं. हेही ध्यानात असू द्या की चांगल्या स्पूलमधूनही थोडं तेल सुटतंच. उभं वजन केवळ स्पूलवर धरून ठेवायचं नसतं, त्यासाठी पायलट चेक किंवा काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह हवा.

प्रपोर्शनल रिलीफवर प्रेशर खालीच येत नसेल तर टाकी लाइनचं प्रेशर आधी मोजा, ते त्यात मिळवलं जातं.

घाण, म्हणजे आपलं घरचं दुखणं

स्पूल आणि बॉडीमधली फट काही मायक्रॉनचीच असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. आणि आपल्या शेडमध्ये हवेत काय असतं? सिलिका, बेंटोनाइट, कोळशाची पूड. टाकीचं झाकण उघडं, ब्रीदरच्या (टाकीत हवा गाळून घेणाऱ्या झाकणाच्या) जागी चिंधी कोंबलेली, वरून बादलीने तेल. सुट्टीनंतर पहिल्या तासात स्पूल चिकटतो तो यामुळे: बारीक गाळ त्या फटीत बसून राहतो, दोन-चार वेळा ढकलल्यावर सुटतो आणि सगळे विसरून जातात.

आयएसओ ४४०६ च्या मोजणीत प्रपोर्शनल व्हॉल्व्हसाठी १८/१६/१३ च्या आसपास तेल असावं अशी अपेक्षा धरतात. तीन आकडे म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती. पहिला १८ म्हणजे १,३०० ते २,५०० कण, आणि प्रत्येक आकडा वाढला की कण दुप्पट. नव्या बॅरलमधलं तेलसुद्धा सहसा इतकं स्वच्छ नसतं. म्हणून बॅरलमधून टाकीत जाताना फिल्टर कार्टमधूनच घाला. व्हॉल्व्हच्या आधी प्रेशर लाइनमध्ये १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टर हवा, शक्यतो बायपास नसलेला.

पावसाळ्यात पाणी. जूनपासून टाकीत ओल धरते आणि तेल दुधाळ दिसायला लागतं. शंका असेल तर चांगल्या तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका, चष्मा घालून. तडतडला तर पाणी आहे. ओल शोषणारा ब्रीदर लावा, टाकीच्या तळाचं पाणी नियमित सोडा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं. अशा पुरात बुडालेल्या पॉवर पॅकमध्ये नुसतं तेल बदलून भागत नाही, लाइन धुवाव्या लागतात आणि डोक्यावर कार्ड असलेले व्हॉल्व्ह न उघडता तपासणीला पाठवावे लागतात.

आणि एक आपल्या गावची खोड. उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या काळापासून लेथवर काहीही करून मिळतं, त्याचा मला अभिमानच आहे. पण स्पूलला पॉलिश पेपर मारू नका. त्याच्या धारदार कडा आणि कोरलेल्या खाचांवरच तेलाचं माप ठरतं. कड गोल झाली की गळती वाढते आणि मधलं शून्य हरवतं.

शेवटी बदलायचाच ठरला तर

पूर्ण कोड जुळवा, नुसता आकार नव्हे. स्पूलचं चिन्ह, लिटर, आज्ञेचा प्रकार, सगळं. पिस्टनच्या दोन बाजूंचं क्षेत्रफळ २:१ असलेल्या सिलिंडरला तसाच स्पूल लागतो. फॉस्फेट एस्टर जातीचं अग्निरोधक तेल असेल तर नायट्राइल सील चालत नाहीत. बसायची जागा धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, कॉटन वेस्टने नाही. जमलं तर व्हॉल्व्हच्या जागी फ्लशिंग प्लेट लावून तेल काही तास फिरवा. सहा साइजला एम-५ चे १०.९ ग्रेडचे बोल्ट असतात, टॉर्क साधारण ७ ते ९ न्यूटन-मीटर, पत्रकातला आकडा बघून, तिरपे तिरपे आवळा. हवा काढा. मग आधी नल, नंतर मृत जागेची उडी, मग कमाल वेग, रॅम्प शेवटी.

मशीन नीट चालतंय तेव्हा आज्ञा १० टक्क्यांच्या पायऱ्यांनी वर आणि तशीच खाली नेऊन प्रत्येक ठिकाणचा करंट आणि सिलिंडरचा वेग वहीत उतरवा. वर जाताना आणि खाली येताना वेगात किती फरक पडतो तो स्पूलच्या अडकण्याचा माग. दर सहा महिन्यांनी हे पुन्हा केलं की व्हॉल्व्ह बंद पडण्याच्या बराच आधी आकडे सरकताना दिसतात. वही पॅनेलच्या दारामागे, पिशवीत घालून. काढलेला व्हॉल्व्ह तेलाने ओला ठेवून त्याच्या खाली झाकणपट्टी लावा, डिझेलने धुऊ नका, आणि सोबतच्या चिठ्ठीवर 'खराब' एवढंच न लिहिता कुठल्या आज्ञेला, किती करंटला, कुठल्या दिशेने, गरम असताना की थंड, ते लिहा.